घरचा ए.सी. : निगा, बिघाड आणि 'गॅस संपला'चे गौडबंगाल



उसाचे बिल जमा झाले की पूर्वी घरात रेडिओ येई. मग टी.व्ही. आला, फ्रीज आला आणि आता वस्तीवरच्या स्लॅबच्या घरालाही मागल्या भिंतीवर पांढरा डबा टांगलेला दिसू लागला आहे. एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली धग सोडत राहतो. घरात म्हातारी माणसे असतील, बाळंतीण असेल, कोणी आजारी असेल तर ए.सी.ला चैन म्हणून नाक मुरडण्याचे दिवस आता गेले. तेव्हा तो घ्यावा की न घ्यावा, या वादात आम्ही येथे पडत नाही. ज्यांनी घेतला आहे त्यांच्याकडून गट ऑफिसात उसाच्या नोंदीच्या निमित्ताने ज्या तक्रारी कानावर येतात, त्या मात्र ठराविक आहेत. पहिल्या वर्षी झकास गार करायचा, आता नुसती हवा फेकतो. दरवर्षी गॅस भरावा लागतो. बिछान्यावर पाणी गळते. आणि लाइटबिल बघितले की डोळे फिरतात.

यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ यंत्रात नसून निगेत असते, आणि त्यापायी हजारो रुपये विनाकारण जातात. काही चुका तर जिवावर बेतणाऱ्या आहेत. म्हणून या अंकात पिकाचा विषय थोडा बाजूला ठेवून या यंत्राची माहिती देत आहोत.

यंत्र करते तरी काय?

ए.सी. थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. मोटर जशी विहिरीतले पाणी उपसून वर टाकते, तसा हा उष्णतेचा उपसा आहे. या उपशाला लागणारी भांडी आपल्या कारखान्यातही आहेत, नावेसुद्धा तीच.

कारखान्यात रस आटवताना शेवटच्या पात्रात निर्वात करतात. दाब उतरल्यामुळे तेथे रस १०० अंशांची वाट न बघता ५५-६० अंशांनाच उकळू लागतो. दाब कमी-जास्त केला की उकळण्याचे तापमान बदलते, एवढी एकच गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे ए.सी. समजला. ए.सी.तला गॅस मुळातच फार खालच्या तापमानाला उकळणारा असतो. हल्लीच्या यंत्रांत बहुतेक ठिकाणी असणारा आर-३२ हा गॅस उघड्यावर उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. खोलीतल्या डब्याच्या कॉईलमध्ये, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, दाब असा राखलेला असतो की तो साधारण ५ ते १० अंशांना उकळावा. उकळायला उष्णता लागते. ती तो खोलीच्या हवेतून ओढून घेतो आणि हवा गार होते. पुढे कॉम्प्रेसर या वाफेला दाबतो, दाबाने ती चांगली तापते आणि बाहेरच्या डब्यात कंडेन्सरमध्ये जाते. तेथे पंख्याच्या हवेने उष्णता बाहेर पडते, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि बारीक नळीतून दाब उतरवून तो परत आत येतो. रात्रभर हेच चक्र चालू.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, गॅस बंद नळीत फिरतो, तो जळत नाही की खर्च होत नाही. दुसरी, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कॉईलना हवा खेळती मिळालीच पाहिजे. बाकीचा सगळा लेख या दोन गोष्टींचाच विस्तार आहे.

जाता जाता 'टना'विषयी. दीड टनाचा ए.सी. म्हणजे दीड टन वजनाचा नव्हे, हे आता सर्वांना माहीत आहे. पण मग टन कशाचा? पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी गारवा करीत. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढणारे यंत्र एक टनाचे. हा टन अमेरिकेतला, २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा आहे. तेव्हा येथे कोणी काट्याची तक्रार आणू नये!

जाळी धुवा, म्हणजे निम्मे काम झाले

ठिबकचा फिल्टर तुंबला की शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, हे आपण रोज बघतो. मग आपण लॅटरल बदलत नाही, फिल्टर धुतो. ए.सी.च्या बाबतीत मात्र जाळी न उघडताच मेकॅनिकला फोन जातो.

आतल्या डब्याचे पुढचे झाकण दोन्ही बाजूंनी धरून वर उचलले की आत प्लास्टिकच्या दोन जाळ्या दिसतात. त्या अलगद बाहेर काढाव्यात, नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडून धुवाव्यात आणि सावलीत वाळवून पुन्हा बसवाव्यात. उन्हात टाकल्या तर वाकतात. पाच मिनिटांचे काम आहे, पैसा लागत नाही. त्याआधी ए.सी. रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करावा. शहरात पंधरा दिवसांनी धुतल्या तरी चालते. आपल्याकडे रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ, शेजारी नांगरट, मळणी असे असेल तर आठवड्याला धुतलेल्या बऱ्या. घरात हे काम एका माणसाच्या अंगावर टाकावे, म्हणजे विसर पडत नाही.

जाळी तुंबली की कॉईलवर हवा कमी येते, कॉईल गरजेपेक्षा जास्त गार पडते आणि तिच्यावर चक्क बर्फ जमतो. बर्फ बघून काही जणांना वाटते की वा, काय गार करतोय! प्रत्यक्षात बर्फाने हवेचा उरलासुरला रस्ताही बंद होतो, खोली तापते आणि पुढे बर्फ वितळून पाणी अंगावर पडते. असे दिसल्यास कुलिंग बंद करून नुसता 'फॅन' तासभर चालवावा. बर्फ स्क्रूड्रायव्हरने किंवा सुरीने खरवडू नये. कॉईल पातळ असते, तिला भोक पडले तर मोठा खर्च आला. मग जाळी धुवावी. त्यानंतरही बर्फ धरतच असेल तर गॅस कमी असणे किंवा आतला पंखा मळलेला असणे, यांपैकी काही तरी आहे असे समजावे.

बाहेरचा डबा

या डब्याकडे कोणी बघत नाही, आणि खरी मेहनत तोच करतो. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून क्षार धरला की वाफ जास्त लागते, म्हणून ठराविक दिवसांनी कॉस्टिक टाकून नळ्या साफ कराव्या लागतात. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत धूळ, पिसे, कापूस, पाचटाची काजळी अडकली की येथेही तेच होते. उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि तापून बंद पडतो. "दुपारी गार करत नाही, रात्री करतो" ही तक्रार असेल तर पहिला संशय येथेच घ्यावा.

पाचट पेटविण्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. खोडव्यात पाचट ठेवून कुट्टी करा, असे शेती विभाग वर्षानुवर्षे सांगत आहे. जमिनीसाठी कोणी ऐकत नसेल तर निदान दारातल्या ए.सी.साठी ऐकावे!

सफाईसाठी साधा पाण्याचा पाइप, मध्यम धार आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. वीज मेनमधून बंद करावी, धार सरळ मारावी आणि वायरीच्या बाजूच्या झाकणात पाणी जाऊ देऊ नये. येथे दोन सूचना खास आपल्या सभासदांसाठी आहेत. एक, फवारणीचा एच.टी.पी. पंप लावू नये. त्याच्या जोराने पातळ पत्रे आडवे पडतात आणि हवेचा रस्ता कायमचा बुजतो. दुसरी त्याहून महत्त्वाची. पाठीवरचा पंप घरातला आतला डबा धुण्यासाठी कधीही वापरू नये. त्यात कधी तरी तणनाशक किंवा कीटकनाशक गेलेले असते, नुसते विसळून त्याचा अंश जात नाही, आणि तीच हवा रात्रभर मुलाबाळांच्या नाकात जाते.

डबा कोठे लावावा, हा प्रश्न बसविताना कोणी विचारीत नाही. मेकॅनिक नळी कमी लागेल तेथे लावून मोकळा होतो. पश्चिमेचे ऊन थेट पडणार नाही अशी जागा बघावी, मागे निदान वीतभर आणि पुढे चांगली मोकळी जागा असावी. मात्र सावली हवी म्हणून गोठ्यात किंवा गोबरगॅसच्या टाकीलगत डबा लावू नये. जनावरांच्या मूत्राचा अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो, आणि शेणाच्या टाकीतून निघणारा हायड्रोजन सल्फाईड तांबे काळे करून कुरतडतो. नळीला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी सगळा गॅस निघून जातो. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला पाच-सात फूट नळी जास्त लागली तरी ते परवडते.

उंदीर, पाली आणि मुंग्या यांना हा डबा फार आवडतो. उंदीर वायरी कुरतडतात, पाल सर्किटच्या पाटीवर दोन टोकांना चिकटून स्वतःही मरते आणि पाटीही जाळते. ज्या भोकातून नळ्या भिंतीतून जातात ते पुट्टीने किंवा सिमेंटने बुजवावे.

'गॅस संपला' म्हणजे काय?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. सभासदांचे सर्वांत जास्त पैसे येथे जातात.

मेकॅनिक येतो, नळी चाचपतो, "गॅस संपलाय" म्हणतो, सिलिंडर लावतो, अर्ध्या तासात पैसे घेऊन जातो. दोन-चार महिने, फार तर एक उन्हाळा बरा जातो, पुन्हा तेच. गॅस संपत नाही, हे वर सांगितले आहे. मोटारसायकलच्या पेट्रोलसारखा तो जळत नाही. कमी झाला असेल तर तो गळला आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पाइपलाइन फुटलेली असताना मोटर जास्त तास चालविणे. आमच्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. एका सभासदाच्या घरी ओळीने तीन उन्हाळे गॅस भरला गेला. चौथ्या वर्षी दुसरा मेकॅनिक आला, त्याने साबणाचा फेस करून बाहेरच्या डब्याच्या नळीच्या नटाला लावला, तर तेथेच बुडबुडे. नळीचे टोक चिरले होते. टोक कापून नवे केले, नट नीट आवळला, काम संपले. तीन वर्षांच्या गॅसचे पैसे मात्र हवेत गेले.

तेव्हा मेकॅनिक 'गॅस' म्हणाला की घाई करू नये. आधी आपणच चार गोष्टी बघाव्यात. रिमोटवर 'कुल' आहे ना? कधी कधी मुलांच्या हातून 'फॅन' किंवा 'ड्राय' दाबले जाते. जाळी साफ आहे का? बाहेरचा पंखा फिरतो का, आणि कॉम्प्रेसरचा घुमणारा आवाज येतो का? पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर नुसता 'हूं' करून गप्प बसतो, असे असेल तर बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. आपल्या सिंगल फेज मोटरच्या स्टार्टरमध्ये असतो तसलाच प्रकार; गॅसच्या मानाने अगदी स्वस्त. जुना कपॅसिटर वरून फुगलेला दिसतो. पण येथे हात घालू नये. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती जबर झटका देते. हे काम जाणकारानेच करावे.

गार करतो की नाही हेही अंदाजाने ठरवू नये. साधा थर्मामीटर घेऊन ए.सी. पंधरा-वीस मिनिटे जोरात चालू द्यावा. मग आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा मोजावी. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र ठीक आहे. खोली तापते ती दारे-खिडक्यांमुळे, स्लॅबमुळे किंवा माणसे जास्त असल्यामुळे. इन्व्हर्टर यंत्र खोली गार झाल्यावर स्वतःच हळू चालते, त्या वेळी फरक कमी दिसतो. म्हणून खोली तापलेली असतानाच मोजावे.

गॅस खरोखर कमी असेल तर बाहेरच्या डब्यापाशी बारीक नळीवर बर्फाचा पांढरा थर दिसतो, आणि गळतीच्या जागी तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटलेली असते. कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते, ते तेथून झिरपते. हा डाग डोळ्यांनी दिसतो, त्याला यंत्र लागत नाही.

गळती ठरली की पुढचे काम नीट कसे होते ते सांगतो, म्हणजे मेकॅनिकसमोर उभे राहून बघता येईल. प्रथम नळीत नायट्रोजन दाबाने भरून, फेस लावून गळती शोधावी. ऑक्सिजन कधीही भरू देऊ नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढावी. हे वीस-तीस मिनिटांचे काम आहे आणि येथेच टाळाटाळ होते. "थोडा गॅस सोडला की हवा निघून जाते" असे सांगतात, ते खरे नाही. पॅनला हवेची गळती लागली की व्हॅक्यूम कसा पडतो, हे कारखान्यात काम करणाऱ्याला विचारा. ए.सी.मध्ये राहिलेली हवा थिजत नाही, नुसता दाब वाढविते. आणि राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते, ते कॉम्प्रेसरचे वाइंडिंग खाते. असा कॉम्प्रेसर दोन वर्षांनी जळतो तेव्हा दोष कंपनीला दिला जातो.

शेवटी गॅस तोलून भरावा. डब्याच्या पाटीवर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. दीड टनी यंत्रात ते साधारण अर्धा-पाऊण किलोपासून सव्वा किलोपर्यंत, मॉडेलप्रमाणे असते. त्या वजनाचा काटा मेकॅनिकजवळ असला पाहिजे. आपला ऊस आपण अंदाजाने घालत नाही, मग किलोवर पैसे देऊन घेतलेला गॅस अंदाजाने का घ्यावा? पाटीवर आर-३२ असेल तर आर-२२ किंवा दुसरा कोणताही गॅस चालत नाही. एकात दुसरा मिसळूनही चालत नाही. आर-३२ मंदपणे पेट घेणारा आहे आणि काही यंत्रांतला आर-२९० तर प्रोपेनच, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. तेव्हा हे काम चालू असताना बिडी-काडी, चूल, निरांजन काही जवळ नको. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नळीत गॅस असताना गॅसची शेगडी लावून झाळकाम करू देऊ नये. आणि घरचा सिलिंडर लावून भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

पाणी गळते

ए.सी.चा जन्मच मुळी ओलाव्यापायी झाला. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग बसेना. तेव्हा विलिस कॅरियर या इंजिनियरने हवेतली ओल काढणारी योजना तयार केली, तेथून पुढे हे यंत्र आले. आजही गार कॉईलवर हवेतले पाणी जमते आणि पन्हाळीतून पाइपने बाहेर जाते. पावसाळी हवेत बादलीभर पाणी निघाले तर नवल नाही. बाहेर पाणी ठिबकणे ही तक्रार नव्हे, ते चांगले लक्षण आहे. आत ठिबकले तर पाइप तुंबला आहे, डबा चुकीच्या बाजूला कलला आहे, पाइपला मध्येच चढ आला आहे किंवा वर सांगितलेला बर्फ वितळतो आहे.

पाइप बुळबुळीत शेवाळाने तुंबतो, आणि कुंभारीण माशी त्याच्या तोंडात मातीचे घर करते. तारेने टोचून ते साफ करावे, बाहेरच्या टोकाने फुंकून किंवा ओढून बघावे आणि महिन्यातून एकदा पन्हाळीत कोमट पाणी ओतावे. पाइपचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नये, हवा अडते. कुबट वास येत असेल तर कॉईल आणि आतला गोल पंखा मळला आहे. वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, ही सफाई मेकॅनिककडून पाण्याने करून घ्यावी. सर्किटवर प्लास्टिक बांधूनच.

वीज, होल्टेज आणि अर्थिंग

वस्तीवर संध्याकाळी होल्टेज १७०-१८० वर येते. कमी होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते आणि तापते, हे मोटर जाळून घेतलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको. साध्या ए.सी.चा कॉम्प्रेसर म्हणजे तीच मोटर, फक्त वेल्डिंग केलेल्या डब्यात बंद. ती रिवाइंडिंग करून मिळत नाही, अख्खा डबाच बदलावा लागतो. म्हणून योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा. दीड टनाला साधारण ४ के.व्ही.ए.चा लावतात. इन्व्हर्टर ए.सी. म्हणजे आपल्या कारखान्यात मोटरींचा वेग कमी-जास्त करणारे व्ही.एफ.डी. पॅनेल असतात, तेच तत्त्व. त्यांना होल्टेजचा फरक जास्त सोसतो. 'स्टॅबिलायझर नको' असे खोक्यावर लिहिलेले असते. पण तेथेच बारीक अक्षरांत किती ते किती व्होल्ट हेही लिहिलेले असते. ते वाचावे आणि आपले होल्टेज वायरमनकडून आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजून मग ठरवावे.

याहून मोठा धोका डी.पी.वरची न्यूट्रल तुटण्याचा. तशी तुटली की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. पंखे अचानक भरधाव फिरू लागले, दिवे भगभगले की विचार न करता मेन स्विच पाडावा. वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट सुरू झाला की ए.सी.चा एम.सी.बी. खाली करावा, पिन असेल तर काढून ठेवावी.

लाइट जाऊन लगेच आली तर ए.सी. तीन मिनिटे गप्प राहतो. हा बिघाड नव्हे. दोन्ही बाजूंचा दाब समान होईपर्यंत कॉम्प्रेसरवर ओझे पडू नये म्हणून केलेली ती सोय आहे. त्या तीन मिनिटांत रिमोटशी झोंबू नये.

ए.सी.ला मीटरच्या बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर ओढावी, निदान २.५ चौरस मिलिमीटर आणि अंतर लांब असेल तर ४. पंख्याच्या लाइनीतून एक्स्टेन्शन बोर्ड लावून चालविलेला ए.सी. म्हणजे आगीला आमंत्रण. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवून, बंद करून पिनला हात लावून बघावा. चटका बसला तर सॉकेट ढिले आहे, त्याच दिवशी बदलून घ्यावे. अर्थिंगची तिसरी वायर बऱ्याच घरांत नुसती दिसायला असते, जमिनीपर्यंत पोचतच नाही. लोखंडी डबा, वर पाऊस आणि पायात चप्पल नाही. अशा वेळी ही वायरच माणूस वाचविते. शेतीपंपाच्या कनेक्शनवर घरचा ए.सी. चालवू नये. ते नियमात बसत नाही आणि त्या लाइनीचे होल्टेजही भरवशाचे नसते.

बिल कमी कसे यावे?

रिमोटवर १६ लावल्याने साधा ए.सी. लवकर गार करीत नाही. तो तेवढ्याच जोराने, फक्त जास्त वेळ चालतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले ए.सी. सुरू होताच २४ अंशांवर यावेत, असा नियम केंद्र सरकारने केला आहे, त्यामागे हेच कारण. एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. २६ वर ठेवून छताचा पंखा हळू चालविला तर अंगाला तोच गारवा लागतो, आणि पहाटे पांघरूण शोधावे लागत नाही. दीड टनाचे साधे यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड-पावणेदोन युनिटच्या घरात घेते. महावितरणचे घरगुती दर जसजसे युनिट वाढतील तसे टप्प्याने चढत असल्यामुळे ए.सी.चे युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात. बिल दुप्पट दिसते ते यामुळे. स्लॅबला वरून पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला तर तो खर्च एका-दोन उन्हाळ्यांत भरून येतो, असे आमचे मत आहे.

एक गोष्ट मात्र बचतीपलीकडची आहे. भिंतीवरचा ए.सी. बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवितो. म्हणून त्या खोलीत औषधांच्या बाटल्या, कीटकनाशकांची पाकिटे, डिझेलचा कॅन ठेवू नये. कोळशाची शेगडी तर कधीच नको. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दार उघडून खोलीतली हवा बदलून घ्यावी.

मेकॅनिक बोलावताना आतल्या डब्यावर अक्षर-आकड्यांचा कोड लुकलुकत असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. लाइट गेली की तो पुसला जातो. काम झाल्यावर काय बदलले, किती ग्रॅम गॅस भरला, गळती कोठे होती हे बिलावर लिहून घ्यावे आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. वॉरंटी कॉम्प्रेसरवर जास्त वर्षांची असते, पण ती पावती आणि कार्ड असेल तरच. उसाच्या पावत्यांच्या पिशवीतच तीही ठेवावी.

पावसाळा लागला आणि ए.सी. बंद ठेवायचा झाला की एक कोरडा दिवस बघून नुसता 'फॅन' तीन-चार तास चालवावा, म्हणजे आतली ओल सुकते. मग जाळ्या धुऊन बसवाव्यात, एम.सी.बी. पाडावा, रिमोटचे सेल काढून ठेवावेत. बाहेरच्या डब्यावर फक्त वरून पत्रा किंवा फळी टाकावी. खताच्या गोणीत गच्च बांधू नये, आत दमट धरून गंज चढतो आणि उंदरांना आयते घर मिळते. फेब्रुवारीत पुन्हा सुरू करताना आधी ती फळी काढावी, नळ्यांवरचा काळा फोम फाटला असेल तर बदलावा, आणि मेकॅनिकला त्याच महिन्यात बोलवावे. एप्रिल लागला की तो कोणाच्याच हाताला लागत नाही.

(सभासदांना या विषयावर शंका असल्यास गट ऑफिसात लेखी द्याव्यात. पुढील अंकात उत्तरे देणेत येतील.)